पडद्यावरचं भूत, खाटेवरचा रुग्ण

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. अपघात विभागातून निवासी डॉक्टरचा फोन आला. ‘सर, जरा खाली येता का? एकोणीस वर्षांची मुलगी आहे. नातेवाईक दाखल करायला तयार नाहीत.’

खाली गेलो. मुलीचे हात ओढणीने स्ट्रेचरला बांधले होते. कपाळावर अंगारा, दंडात काळा दोरा, आईच्या मुठीत लिंबू. मुलगी मध्येच जोरात ओरडायची, मध्येच छताकडे टक लावून गप्प व्हायची. ओठ आणि जीभ सारखी हलत होती, काही चघळत असल्यासारखी. पाच रात्री ती झोपली नव्हती. त्याआधी आठवडाभर ताप आणि डोकेदुखी होती, पण ते आईला मी खोदून विचारल्यावर आठवलं. मधल्या काळात दोन ठिकाणी उतारा झाला होता.

मामांनी मला बाजूला घेतलं. ‘साहेब, रागावू नका, पण हा दवाखान्याचा आजार नाही. आमच्या पोरांनी मोबाइलवर एक इंग्रजी पिक्चर दाखवला. त्यातली पोरगी अगदी असंच करते. असाच आवाज, असेच डोळे.’

पिक्चरचं नाव त्यांना सांगता आलं नाही, पण मला ते लगेच कळलं. तो ‘द एक्झॉर्सिस्ट’ होता. वैद्यकीय महाविद्यालयात असताना आम्ही वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचो आणि रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहायचो. तो सिनेमा पाहिला त्या रात्री खोल्यांकडे जाताना कोणी एकटं गेलं नाही, हे मला स्वच्छ आठवतं.

मामांनी लक्षणं नीट पाहिली होती. निदान मात्र त्यांनी सिनेमातून घेतलं होतं. त्या मुलीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). त्याआधी भयपट या प्रकाराकडे एका डॉक्टरच्या नजरेने पाहू. पडद्यावरची बरीचशी भुतं आमच्याच वॉर्डातून उठून तिथे गेलेली आहेत.

रक्त खरंच गोठतं का?

खोटं आहे हे माहीत असूनही आपण घाबरतो, याचं कारण मेंदूच्या रचनेत आहे. कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. अंधारात काही हललं की हा भाग आधी धोक्याची घंटा वाजवतो आणि ‘अरे, हा तर सिनेमा आहे’ हा विचार मागाहून येतो. तोवर ॲड्रेनलिन रक्तात उतरलेलं असतं, छाती धडधडत असते, तळहाताला घाम आलेला असतो. मग विचार पोहोचतो, धोका नाही हे पटतं आणि हायसं वाटतं. तिकिटाचे पैसे आपण या धडधडीसाठी आणि तिच्यामागून येणाऱ्या सुटकेच्या श्वासासाठी देतो.

अमेरिकेतल्या एका महिलेचा हा भाग एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात दोन्ही बाजूंनी नष्ट झाला आहे. वैद्यकीय साहित्यात ती ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. संशोधकांनी तिला भयपटांतले प्रसंग दाखवले, साप हातात दिले, एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात भरवलेल्या भुताटकीच्या खेळात नेलं. ती घाबरली नाहीच, उलट भुताचा वेश घेतलेल्या माणसाला तिने बोटाने डिवचलं. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी तिला कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा एक श्वासभर दिली, तेव्हा मात्र ती आयुष्यात प्रथमच इतकी घाबरली की मास्क ओरबाडून काढू लागली. म्हणजे बाहेरच्या धोक्याची भीती वेगळी आणि गुदमरण्याची भीती वेगळी. दोन्हींच्या वाटा मेंदूत निरनिराळ्या आहेत.

‘रक्त गोठवणारा’ हा शब्द आपण भयपटांच्या जाहिरातीत वाचतो. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या डॉक्टरांनी तो शब्दशः तपासला. चोवीस निरोगी तरुणांना एकदा ‘इन्सिडियस’ हा भयपट आणि एकदा शॅम्पेनवरचा साधा माहितीपट दाखवला आणि आधी-नंतर रक्त काढलं. भयपटानंतर रक्त गोठायला मदत करणारा फॅक्टर ८ हा घटक वाढलेला आढळला; प्रत्यक्ष गुठळी तयार होण्याची चिन्हं मात्र नव्हती. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात ही पाहणी आली. जखम होण्याची शक्यता दिसताच शरीर रक्तस्राव थांबवायची तयारी करून ठेवतं. खुर्चीत पॉपकॉर्न खात बसलो आहोत, याची त्याला कल्पना नसते.

दारावरच्या खुणा

भीतीची ही यंत्रणा सगळ्या माणसांची सारखीच. पण ती कशाला घाबरते, हे काळ आणि समाज ठरवतो. भयपटांचा इतिहास वाचायचा तो इथे.

रक्तपिपासू पिशाच्चापासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्झेटर गावी एका शेतकरी कुटुंबात आई गेली, मग थोरली मुलगी गेली, मुलगा एडविन खंगू लागला आणि जानेवारी १८९२ मध्ये १९ वर्षांची मर्सी ब्राउन गेली. मेलेल्यांपैकी कोणीतरी जिवंत माणसांचं रक्त शोषत आहे, असं गावाने ठरवलं. मार्चमध्ये प्रेतं बाहेर काढली. ऐन थंडीतलं मर्सीचं प्रेत फारसं कुजलेलं नव्हतं, हृदयात रक्त होतं. तपासणाऱ्या डॉक्टरला फुप्फुसांत क्षयाच्या खुणा दिसल्या आणि त्याने तसं सांगितलंही. तरी तिचं हृदय जाळलं आणि ती राख औषध म्हणून एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं ते १८८२ मध्ये, म्हणजे तब्बल दहा वर्षं आधी. शोध बर्लिनमध्ये लागला, पण त्या घरापर्यंत तो पोहोचलाच नव्हता.

एकामागून एक माणसं पांढरी पडतात, खंगतात, ओठाला रक्त लागतं, घरातल्या घरात पसरतं. पिशाच्चाचं हे वर्णन क्षयाच्या वॉर्डातल्या कोणत्याही केसपेपरवर शोभेल. हुआन गोमेझ-अलोन्सो या स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञाने १९९८ मध्ये आणखी एक दुवा दाखवला, तो रेबीजचा. चावण्यातून पसरणारा आजार, झोप उडणं, उजेड आणि उग्र वास सहन न होणं, आरशासमोर बिथरणं आणि अठराव्या शतकात हंगेरीत पसरलेली रेबीजची साथ, हे सगळं त्याने पिशाच्चाच्या कथांशेजारी ठेवून पाहिलं. मी रेबीजचे रुग्ण पाहिले आहेत. पाण्याचा पेला समोर आणताच घसा आवळला जातो, पंख्याचा वारा लागला तरी अंग झटके देतं. ज्याने हे पाहिलं आहे, त्याला जुन्या माणसांना पिशाच्च का दिसलं याचं नवल वाटणार नाही.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये आली. तिच्यावरून परवानगी न घेता मुरनाऊ या जर्मन दिग्दर्शकाने ‘नोसफेराटू’ हा मूकपट केला आणि तो १९२२ मध्ये बर्लिनला प्रदर्शित झाला. त्यातलं पिशाच्च जहाजातून येतं आणि सोबत शवपेट्यांतून उंदीर आणतं. शहरात प्लेग पसरतो. दवंडी पिटली जाते, दारांवर खडूने फुल्या मारल्या जातात, रस्त्यातून शवपेट्यांची रांग जाते. हा सिनेमा पाहणाऱ्यांनी चार वर्षांपूर्वी महायुद्ध आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, दोन्ही भोगलं होतं. भारतात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसं नेली. २०२० मध्ये आपल्या इमारतींच्या दारांवर विलगीकरणाचे कागद चिकटले आणि हातांवर शिक्के उमटले, तेव्हा मला खडूच्या त्या फुल्या आठवल्या.

चोरलेला मेंदू आणि किरणांचं जनावर

साथीची भीती ओसरली की माणूस माणसाला घाबरू लागतो. १९३१ मध्ये हॉलीवूडमध्ये जेम्स व्हेलचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आला. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत नसलेला एक प्रसंग त्यात घातला आहे. डॉक्टरचा नोकर वैद्यकीय महाविद्यालयातून मेंदू चोरायला जातो, चांगल्या मेंदूची बरणी हातून पडते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू घेऊन येतो. राक्षस राक्षसासारखा वागतो तो या मेंदूमुळे, असं सिनेमा सांगतो. कादंबरीत तसं नाही. तिथे त्याला त्याच्या निर्मात्याने टाकून दिलेलं असतं आणि जग हिडीसफिडीस करतं, म्हणून तो बिघडतो. मग हा बदल का झाला? ‘वाईट’ माणसं जन्मतःच वाईट असतात, ही कल्पना तेव्हा अमेरिकेत जोरात होती. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा वैध ठरवला होता. सिनेमाने ती कल्पना बरणीत भरून दाखवली.

पुढे ‘सायको’ (१९६०) आणि ‘हॅलोविन’ (१९७८) यांनी मनोरुग्ण म्हणजे सुरा घेतलेला माणूस हे चित्र पक्कं केलं. सिनेमे म्हणून दोन्ही बांधेसूद आहेत. पण प्रत्यक्षात गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांवर हल्ला करण्यापेक्षा स्वतःच मार खाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. आमच्याकडे मनोविकार विभागाची पायरी चढायला लोक आजही बिचकतात, त्यात पडद्यावरच्या त्या सुऱ्याचाही वाटा आहे.

जपानची भीती वेगळी होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. त्यांच्यातला रेडिओ चालवणारा खलाशी आयकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावला. ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. जग त्याला ‘गॉडझिला’ म्हणतं. सिनेमाची सुरुवातच समुद्रात प्रखर प्रकाश होऊन एक जहाज जळण्याने होते. जनावराने तोक्यो उद्ध्वस्त केल्यावर रुग्णालयात जमिनीवर झोपवलेल्या जखमींच्या रांगा दिसतात आणि एका लहान मुलाजवळ किरणं मोजणारं यंत्र धरलं जातं. ते दृश्य हिरोशिमा, नागासाकी पाहिलेल्या लोकांना समजावून सांगावं लागलं नसेल. १९५६ मध्ये अमेरिकेत तो सिनेमा दाखवताना कापाकापी झाली, अणुबॉम्बचे बरेच उल्लेख गेले आणि उरला तो बराचसा घरं तुडवणारा प्राणी.

अकाली मृत्यूंची नोंदवही

आता आपल्याकडे येऊ. आजी सांगायची ती भुतं आठवा. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते, मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेल्या मुलाचा मुंजा होतो. ही सगळी भुतं म्हणजे अकाली मृत्यूंची नोंदवहीच आहे. ज्या काळात घरोघरी बाळंतिणी आणि पोरं जात होती आणि कारण कळत नव्हतं, त्या काळाने त्यांना विहिरीवर, पिंपळावर जागा दिली.

हिंदी पडद्यावर भूत आलं ते मात्र जपून. कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) किंवा ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२) शेवटी उलगडा होतो की भूत म्हणून जे वावरत होतं ते हाडामांसाचं माणूसच होतं. रामसे बंधूंनी १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून हा संकोच सोडला. त्यांचा १९८४ चा ‘पुराना मंदिर’ आम्ही शाळा-कॉलेजच्या वयात डोळ्यांवर बोटं ठेवून पाहिला. त्यातला शाप असा, की राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. तेव्हा तो शाप भयंकर वाटला. डॉक्टर झाल्यावर लक्षात आलं, की हा शाप राजघराण्यापुरता नव्हता. रक्तक्षय, अतिरक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग या चार नावांनी तो गावोगाव फिरत होता. आणि तो उतरला तो कुठल्या सैतानाचं शीर सापडल्याने नव्हे. लोहाच्या गोळ्या, दवाखान्यातलं बाळंतपण, वेळेवर मिळालेली रक्ताची पिशवी यांनी तो उतरवला. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशाची सरासरी ९७ होती. ते ३३ही कमी व्हायला हवेत. पण भूत कमी कसं होतं, हे या आकड्यांवरून कळतं.

मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. एक गरोदर बाई उसाच्या फडात वसलेल्या घरात आसऱ्याला येते आणि तिला लहान मुलं दिसू लागतात. त्या भुतांची गोष्ट मारून टाकलेल्या मुलींपाशी जाऊन पोहोचते. गर्भलिंग निदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोनोग्राफीच्या यंत्रामागे माझ्याच व्यवसायातली माणसं बसली होती, त्यामुळे ‘लपाछपी’ मला इतर भयपटांसारखा खुर्चीत रेलून पाहता आला नाही. चांगला भयपट हे करतो. समाज जे पुरून टाकतो ते तो उकरून समोर ठेवतो.

नाव दिलं की शोध थांबतो

मग मामांचं काय चुकलं? ते समजायला ‘द एक्झॉर्सिस्ट’कडे परत जावं लागेल. विल्यम फ्रीडकिनचा हा सिनेमा १९७३ च्या डिसेंबरमध्ये आला. प्रेक्षक चित्रपटगृहांत चक्कर येऊन पडल्याच्या, ओकल्याच्या बातम्या आल्या. १९७५ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञाने सिनेमा पाहिल्यावर मानसिक त्रास सुरू झालेल्या चार रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली.

भुताचे प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मात्र त्यातलं रुग्णालय जास्त लक्षात राहिलं आहे. मुलीच्या मानेतल्या रक्तवाहिनीत सुई घालून मेंदूचे एक्स-रे काढतात. डॉक्टर मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात दोष असेल म्हणतात, चित्रात काही दिसत नाही, मग मानसोपचारतज्ज्ञ येतात आणि अखेर डॉक्टरच आईला सुचवतात, धर्मगुरूंना बोलावून बघा. तपासण्या संपल्या म्हणजे आजार नाही आणि आजार नाही म्हणजे भूत, असा तो हिशेब.

२००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. वेड लागल्यासारखं वागणं, भास, झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली, शुद्ध हरपणं, श्वास मंदावणं ही त्यांची लक्षणं होती. त्यांच्या शरीरातली प्रतिकारशक्ती चुकून मेंदूतल्या पेशींवरच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर हल्ला करत होती. बहुतेकींच्या बीजाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. त्या गाठीत मेंदूसारख्या पेशी असतात. शरीर त्यांच्याशी लढायला उठतं आणि ती लढाई खऱ्या मेंदूपर्यंत जाते. काही रुग्णांत गाठ नसतानाही हा आजार होतो. वेळेवर ओळखला तर स्टिरॉइड, प्रतिपिंडांची इंजेक्शनं, प्लाझ्मा बदलणं आणि गाठ असल्यास ती काढणं असा उपचार आहे. पुढे पाचशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत दोन वर्षांत पाचांपैकी चौघे बऱ्यापैकी सावरल्याचं दिसलं. झपाटलेल्या म्हणून ज्यांच्या कथा झाल्या, त्यांतल्या काहींना हाच आजार असेल का, हा प्रश्न तेव्हापासून डॉक्टरांमध्ये विचारला जातो.

तो शोधनिबंध मी वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९० च्या दशकात, मी निवासी डॉक्टर असताना, अशीच एक तरुण बाई आमच्या वॉर्डात आली होती. ताप, मग बडबड, मग तोंडाच्या हालचाली. आम्ही जमेल ते तपासलं, काही सापडलं नाही. मी केसपेपरवर ‘हिस्टेरिया’ असं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळलो. आठवड्याभरात ती गेली. तिला हाच आजार होता की नाही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही आणि असता तरी तेव्हा तो ओळखणारी तपासणीच नव्हती. पण माझी चूक निदान न होण्याची नव्हती. भगताने ‘भूत’ म्हणावं आणि मी ‘हिस्टेरिया’ म्हणावं, दोन्ही शब्दांनी एकच काम केलं. नाव मिळालं आणि शोध थांबला.

पडद्यावर भुताला नाव मिळालं की गोष्ट पुढे सरकते. खाटेवरच्या माणसाला भुताचं नाव मिळालं की त्याच्या उपचाराची गोष्ट तिथेच अडते.

त्या रात्री आणि पुढे

मामांशी मी वाद घातला नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकलो आहे. त्यांना म्हटलं, ‘तुम्ही पाहिलेला पिक्चर मीही पाहिलाय. त्यातल्या डॉक्टरांनी एक तपासणी केली नव्हती, कारण ती तेव्हा निघालीच नव्हती. ती आपण करू. अंगारा राहू द्या कपाळावर, पण मला मणक्यातलं पाणी काढू द्या.’ मणक्यातलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, अशी भीती असतेच. तिच्यावर पाऊण तास गेला. पहाटे आईने अंगठा दिला.

नमुना बाहेर पाठवावा लागला. तो येईपर्यंत झटक्यांची औषधं आणि मेंदूज्वराची औषधं सुरू ठेवली. अहवालात तीच प्रतिपिंडं आली. सोनोग्राफीत उजव्या बीजाशयात लिंबाएवढी गाठ दिसली, ती काढली. मुलगी सात आठवडे वॉर्डात होती. आधी नजर स्थिर झाली, मग आईला ओळखू लागली, मग एके दिवशी राउंडला तिने मला विचारलं, ‘हे कुठलं गाव आहे?’ सिस्टरांनी तेव्हा डोळे पुसले.

वाचकांसाठी यातून चार गोष्टी. ताप, डोकेदुखीनंतर काही दिवसांत माणसाचं वागणं अचानक बदललं, झोप उडाली, भास होऊ लागले, झटके आले किंवा बोलणं तुटक झालं, तर तो आधी मेंदूचा आजार समजा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. कुत्रं चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्या. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर वाचवणं जवळपास अशक्य असतं. आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं किंवा साप, कुत्रं चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्र देणं, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

भयपट पाहू नका, असं मात्र मी सांगणार नाही. २०२० मध्ये महासाथीच्या सुरुवातीला झालेल्या एका अमेरिकन पाहणीत भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचं आढळलं. भयपटांमुळेच तसं झालं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण सुरक्षित जागी बसून भीतीची थोडी रंगीत तालीम होत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. लहान मुलांचं वेगळं. त्यांना पडदा आणि घर यांतली भिंत अजून नीट उभी करता येत नाही, म्हणून त्यांच्या झोपेची काळजी घ्या. हृदयविकाराचा किंवा तीव्र चिंतेचा त्रास असलेल्यांनी आपल्या बेताने पाहावं.

चार महिन्यांनी मुलगी तपासणीला आली. सोबत मामा होते. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत ते टेबलावर वाकून हळूच म्हणाले, ‘साहेब, एक विचारू? हिला आता भुताचे पिक्चर बघितलेले चालतील का?’

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘मला नाही आवडत ते. तुम्हीच बघता रोज रात्री.’

मामा हसले. मी गोळीचा डोस कमी करून केसपेपर तिच्या हातात दिला.